सोबत न येणाऱ्या अपत्यांची वैद्यकीय तपासणी (कॅनडा)

सोबत न येणाऱ्या अपत्यांची वैद्यकीय तपासणी ही कॅनडाच्या स्थलांतर कायद्यातील एक अनिवार्य अट आहे. कॅनडात स्थायी निवासासाठी अर्ज करणाऱ्या व्यक्तीने आपल्या सर्व अवलंबित अपत्यांची नावे अर्जात नमूद करावी लागतात. जी अपत्ये तिच्यासोबत स्थलांतर करणार नाहीत, त्यांचीही वैद्यकीय व अन्य तपासणी करून घ्यावी लागते. अपत्य मायदेशी आजी-आजोबांकडे असो, घटस्फोटित जोडीदाराच्या ताब्यात असो किंवा त्याची कॅनडात येण्याची इच्छा नसो, ही अट बदलत नाही. तपासणी न झालेले अपत्य पुढे ‘कौटुंबिक वर्गा’तून कायमचे वगळले जाते, म्हणजेच आई किंवा वडील त्याला नंतर प्रायोजित करून कॅनडात बोलावू शकत नाहीत. ही तरतूद ‘स्थलांतर व निर्वासित संरक्षण विनियम’ यांतील विनियम ११७(९)(डी) मध्ये असून वकिलांत व स्थलांतर सल्लागारांत ती केवळ या क्रमांकानेच ओळखली जाते.

पार्श्वभूमी

सोबत येणाऱ्या व न येणाऱ्या अशा सर्व अवलंबितांची तपासणी व्हावी, ही अपेक्षा १९७६ च्या स्थलांतर कायद्याखालील नियमांतही होती. त्या काळी अवलंबितांपैकी एखादा आजारामुळे अपात्र ठरला, तर संपूर्ण कुटुंबाचा अर्ज फेटाळला जाऊ शकत असे. या भीतीने काही अर्जदार आजारी किंवा अपंग अपत्याचा उल्लेखच टाळत. अनौरस अपत्य, पहिल्या विवाहातील अपत्य किंवा ‘अविवाहित’ म्हणून प्रायोजित झालेल्या तरुण-तरुणींची अपत्येही अर्जांतून गाळली जात. त्यामागे आजारापेक्षा लोकलज्जेचे कारण अधिक असे.

‘स्थलांतर व निर्वासित संरक्षण कायदा’ २००१ मध्ये संमत झाला आणि २८ जून २००२ रोजी अमलात आला. या कायद्याने एक महत्त्वाची सवलत दिली. कलम ३८(२) नुसार कौटुंबिक वर्गात प्रायोजित झालेला पती, पत्नी, सहजीवन जोडीदार किंवा अपत्य यांना ‘आरोग्य व सामाजिक सेवांवर अत्यधिक भार’ या कारणावरून नाकारता येत नाही. निर्वासित व संरक्षित व्यक्तींनाही ही सूट लागू आहे. आर्थिक वर्गातील अर्जदार, म्हणजे कुशल कामगार, उद्योजक इत्यादी, आणि त्यांच्या कुटुंबीयांना मात्र ती मिळत नाही.

या दोन वर्गांतील तफावतीतून एक पळवाट निर्माण होण्याची शक्यता होती. कुशल कामगार म्हणून अर्ज करताना खर्चिक उपचारांची गरज असलेले अपत्य लपवायचे, स्थायी निवास मिळाल्यावर त्याला प्रायोजित करायचे आणि अत्यधिक भाराच्या निकषातून सुटका करून घ्यायची, अशी ती पळवाट होती. विनियम ११७(९)(डी) हे मुख्यतः ती बंद करण्यासाठी आले. परंतु नियमाची शब्दरचना हेतूपेक्षा व्यापक झाली. अर्जदाराचा हेतू काय होता, अपत्य आजारी होते की निरोगी, आणि ते घोषित केले असते तर अर्जाच्या निकालात काही फरक पडला असता का, यांपैकी कोणताही प्रश्न हा नियम विचारत नाही.

अवलंबित अपत्याची व्याख्या

विनियमांनुसार अवलंबित अपत्य म्हणजे २२ वर्षांखालील व ज्याला पती, पत्नी किंवा सहजीवन जोडीदार नाही असे जैविक किंवा दत्तक अपत्य. २२ वर्षांवरील अपत्य शारीरिक अथवा मानसिक अवस्थेमुळे स्वतःचा चरितार्थ चालवू शकत नसेल आणि २२ वर्षांच्या आधीपासून पालकांवर आर्थिकदृष्ट्या अवलंबून असेल, तर तेही अवलंबित समजले जाते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ही वयोमर्यादा १९ पर्यंत खाली आणली गेली होती. २४ ऑक्टोबर २०१७ पासून ती पुन्हा २२ करण्यात आली. वय सामान्यतः परिपूर्ण अर्ज दाखल झाल्याच्या दिनांकास गोठवले जाते, त्यामुळे प्रक्रिया सुरू असताना अपत्याने बाविशी ओलांडली तरी त्याचे अवलंबितत्व संपत नाही. अवलंबित अपत्याचे अपत्य, म्हणजे अर्जदाराचे नातवंड, हेही कुटुंबीयांत मोडते.

जैविक अपत्याच्या व्याख्येला एक अपवाद आहे. पालकाच्या जोडीदाराव्यतिरिक्त अन्य व्यक्तीने अपत्याला कायदेशीर दत्तक घेतले असेल, तर ते जन्मदात्या पालकाचे अवलंबित अपत्य राहत नाही. भारतीय अर्जदारांच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ प्रमाणे विधिवत दत्तक दिलेल्या मुलाचे जन्मकुटुंबाशी असलेले कायदेशीर नाते तुटते. पण आजोळी वाढलेले, निपुत्रिक काका-काकूंनी ‘आपलेच’ म्हणून सांभाळलेले किंवा शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्याचे नाव लागलेले मूल केवळ तेवढ्याने दत्तक ठरत नाही. कॅनडाच्या दृष्टीने ते जन्मदात्यांचेच अवलंबित अपत्य असते व त्याचे नाव अर्जात येणे आवश्यक असते.

तपासणीचे स्वरूप

तपासणी कोणत्याही डॉक्टरकडून करून चालत नाही. कॅनडाच्या स्थलांतर विभागाने नियुक्त केलेल्या नामिका-वैद्यांकडूनच ती करावी लागते. भारतात असे वैद्य मुंबई व दिल्लीसह अनेक मोठ्या शहरांत आहेत. अर्जदार कॅनडात व अपत्य भारतात असेल, तर अपत्याची तपासणी भारतातच होते. पालकाने उपस्थित राहण्याची गरज नसते, मात्र अज्ञान मुलासोबत एखादा जबाबदार प्रौढ असावा लागतो. शुल्क अर्जदाराला भरावे लागते. अहवाल वैद्याकडून संगणकीय प्रणालीद्वारे थेट स्थलांतर विभागाकडे जातो.

तपासणीत पूर्वेतिहासाची विचारपूस व शारीरिक तपासणी सर्वांसाठी असते. लघवीची चाचणी ५ वर्षांपासून पुढे, छातीचा क्ष-किरण ११ वर्षांपासून पुढे आणि उपदंश व एचआयव्हीसाठी रक्तचाचणी १५ वर्षांपासून पुढे केली जाते. त्यामुळे लहान मुलांची तपासणी बहुधा किरकोळच असते. क्ष-किरणात सक्रिय क्षयरोगाची शंका आली तर थुंकीची चाचणी व पूर्ण उपचार होईपर्यंत प्रकरण थांबते. जुना, निष्क्रिय क्षय आढळल्यास प्रवेशानंतर देखरेखीची अट घातली जाते. अहवालाची वैधता साधारणपणे १२ महिने असते.

आरोग्याच्या कारणावरून अपात्रतेचे तीन प्रकार कलम ३८(१) मध्ये दिले आहेत: सार्वजनिक आरोग्याला धोका, सार्वजनिक सुरक्षिततेला धोका आणि आरोग्य वा सामाजिक सेवांवर अत्यधिक भार. तिसऱ्या प्रकाराबाबत कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये हिलेविट्झ खटल्यात महत्त्वाचा निर्णय दिला. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांमुळे दोन कुटुंबांचे अर्ज फेटाळले गेले होते. केवळ निदानाच्या नावावरून निर्णय न करता त्या विशिष्ट कुटुंबाची परिस्थिती व खर्च उचलण्याची तयारी पाहिली पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. १ जून २०१८ पासून अत्यधिक भाराची खर्चमर्यादा कॅनडातील दरडोई सरासरीच्या तिप्पट करण्यात आली आणि विशेष शिक्षणासारख्या काही सेवा हिशेबातून वगळल्या गेल्या. परिणामी पूर्वी ज्या आजारांमुळे अर्ज नाकारले जात, त्यांपैकी अनेक आता अडसर ठरत नाहीत.

अपत्य दुसऱ्या पालकाच्या ताब्यात असल्यास

या विषयातील सर्वाधिक गैरसमज येथेच आढळतात. घटस्फोटानंतर मुलाचा ताबा पूर्णपणे माजी जोडीदाराकडे असेल, तर ‘मूल आता आपले अवलंबित नाही’ असे अनेक अर्जदार गृहीत धरतात. कायद्यात तसे नाही. ताबा कोणाकडेही असला तरी २२ वर्षांखालील अविवाहित अपत्य हे दोन्ही पालकांचे अवलंबित अपत्य असते आणि त्याची घोषणा व तपासणी दोन्ही आवश्यक असतात.

ताब्याचा परिणाम वेगळ्या ठिकाणी होतो. कलम ४२ नुसार सोबत न येणारा कुटुंबीय अपात्र असल्यास विहित परिस्थितीत मुख्य अर्जदारही अपात्र ठरतो. ही परिस्थिती विनियम २३ मध्ये सांगितली आहे. अपत्याच्या बाबतीत त्याचा कायदेशीर ताबा किंवा त्याच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार अर्जदाराकडे अथवा सोबत येणाऱ्या कुटुंबीयाकडे असेल, तरच अपत्याची अपात्रता अर्जदाराच्या आड येते. ताबा पूर्णपणे माजी जोडीदाराकडे असलेले मूल गंभीर आजारी निघाले, तरी केवळ त्या कारणावरून पालकाचा अर्ज फेटाळला जात नाही. अशा पालकाला मुलाची तपासणी करून घेण्यात गमावण्यासारखे काही नसते आणि न करण्यात मात्र पुष्कळ असते.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. विनियम ११७(९)(डी) मधील अट अपत्याची तपासणी ‘झालेली असणे’ ही आहे. त्यात ‘उत्तीर्ण होणे’ अपेक्षित नाही. आजार आढळूनही पालकाला स्थायी निवास मिळाला असेल, तर ते अपत्य तपासले गेलेले असल्याने पुढे कौटुंबिक वर्गात प्रायोजित होऊ शकते आणि तेव्हा त्याला अत्यधिक भाराच्या निकषातून सूटही मिळते.

व्यवहारात अडचण येते ती माजी जोडीदाराच्या असहकाराची. मुलाला परदेशी नेण्याची ही पहिली पायरी आहे अशा समजुतीने दुसरा पालक त्याला तपासणीसाठी पाठवण्यास नकार देतो. तपासणीमुळे ताब्याच्या हुकमात काहीही बदल होत नाही व मुलाला व्हिसाही मिळत नाही. तरीही संशय राहतोच. अशा वेळी अर्जदाराने केलेल्या प्रयत्नांचे पुरावे, म्हणजे पत्रव्यवहार, वकिलामार्फत दिलेली नोटीस, ताब्याचा न्यायालयीन आदेश, सादर करणे अपेक्षित असते. प्रयत्न खरोखरच असफल झाल्याची खात्री पटल्यास अधिकारी अर्ज पुढे चालवू शकतो. मात्र मुलाला पुढे प्रायोजित करता येणार नाही याची जाणीव असल्याचे प्रतिज्ञापत्र अर्जदाराकडून घेतले जाते. या प्रतिज्ञापत्राने पालकाचा अर्ज सुटतो, पण मुलाचा मार्ग बंद होतो.

याउलट, अज्ञान मूल एका पालकासोबत कॅनडात जाणार असेल तर मागे राहणाऱ्या पालकाचे संमतिपत्र लागते. हा दस्तऐवज व वरील तपासणी यांची अनेकदा गल्लत केली जाते.

वगळणुकीचा नियम व त्याची व्याप्ती

प्रायोजकाने पूर्वी स्थायी निवासासाठी अर्ज केला असेल, त्यानुसार तो स्थायी निवासी झाला असेल आणि त्या अर्जाच्या वेळी संबंधित परदेशी व्यक्ती त्याची सोबत न येणारी कुटुंबीय असूनही तपासली गेली नसेल, तर ती व्यक्ती त्या नात्याच्या आधारे कौटुंबिक वर्गात समाविष्ट होत नाही. पती, पत्नी व सहजीवन जोडीदारालाही हाच नियम लागू आहे. कॅनडातच राहणाऱ्या जोडीदारांसाठी विनियम १२५(१)(डी) मध्ये तशीच तरतूद आहे. प्रायोजक पुढे कॅनडाचा नागरिक झाला तरी वगळणूक संपत नाही.

विनियम ११७(१०) मध्ये एक मर्यादित अपवाद आहे: तपासणीची आवश्यकता नाही असे अधिकाऱ्यानेच ठरवल्यामुळे ती झाली नसेल, तर वगळणूक लागू होत नाही. पण तपासणी करून घेता येईल हे प्रायोजकाला सांगितलेले असून त्याने अपत्याला हजर केले नसेल, तर हा अपवादही मिळत नाही.

‘अर्जाच्या वेळी’ या शब्दांचा अर्थ फेडरल अपील न्यायालयाने २००६ मध्ये देला फुएन्ते खटल्यात स्पष्ट केला. अर्जाचा काळ केवळ दाखल करण्याच्या दिवसापुरता नसून अर्ज दाखल झाल्यापासून प्रवेशद्वारावर स्थायी निवास मिळेपर्यंतचा संपूर्ण कालावधी असतो. त्यामुळे अर्ज भरताना अविवाहित असलेल्या व्यक्तीने मध्यंतरी विवाह केला, किंवा व्हिसा हाती आल्यानंतर पण विमानात बसण्यापूर्वी अपत्य जन्मले, तर तो बदल कळवणे बंधनकारक आहे. व्हिसा मिळालेला असल्याने आता काही कळवायचे उरले नाही, ही समजूत अनेक कुटुंबांना महागात पडते. स्थायी निवास मिळाल्यानंतर जन्मलेल्या अपत्याला हा नियम लागू नाही.

अपत्य दडवणे ही माहितीची चुकीची मांडणीही ठरू शकते. कलम ४० खाली त्यासाठी पाच वर्षांची प्रवेशबंदी होऊ शकते आणि आधीच मिळालेला स्थायी निवासही धोक्यात येऊ शकतो. वगळणूक व हा दंड या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

न्यायालयीन निर्णय

या नियमाची घटनात्मक वैधता दे गुझमान खटल्यात तपासली गेली. फिलिपिन्समधून १९९३ मध्ये कॅनडात आलेल्या एका महिलेने, सोबत आलेल्या मुलीखेरीज आपल्याला अन्य अपत्य नसल्याचे सांगितले होते. तिचे दोन मुलगे फिलिपिन्समध्ये वडिलांजवळ होते. पुढे त्यांना प्रायोजित करण्याचा तिचा अर्ज फेटाळला गेला. डिसेंबर २००५ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने तिचे अपील नाकारले. नियम हक्कांच्या सनदेच्या सातव्या कलमाचा भंग करीत नाही. कुटुंबाची ताटातूट शासनाने नव्हे, तर अर्जदाराने मुलांना मागे ठेवून व माहिती दडवून घडवली, अशी न्यायालयाची भूमिका होती. बालहक्क करार व नागरी-राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार यांचा मुद्दाही विचारात घेतला गेला; परंतु कलम २५ खाली मानवतावादी कारणांवरून सूट मागण्याची सोय असल्याने नियम त्या करारांशी विसंगत ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. तेव्हापासून या नियमाच्या समर्थनाचा सारा भार कलम २५ वर आहे.

त्याच वर्षीच्या अझीझी खटल्यात निर्वासित म्हणून आलेल्या व्यक्तीलाही हा नियम लागू असल्याचे स्पष्ट झाले. २००८ मधील अदजानी खटला याहून पुढचा होता. स्थायी निवास मिळवतेवेळी आपल्याला अपत्य आहे हेच त्या पित्याला ठाऊक नव्हते. तरीही नियमाच्या शब्दांत अज्ञानाला जागा नसल्याने फेडरल न्यायालयाने वगळणूक कायम ठेवली.

भारताशी थेट संबंध असलेला खटला म्हणजे किसाना (२००९). भारतात राहिलेल्या जुळ्या मुलींचा उल्लेख आई व वडील या दोघांनीही आपापल्या अर्जांत टाळला होता. दोघेही कॅनडात स्थिरावल्यानंतर मुलींसाठी मानवतावादी कारणांवरून अर्ज झाला व तो नाकारला गेला. अपत्याचे हित हा महत्त्वाचा घटक असला तरी तो एकटाच निर्णायक नसतो आणि पालकांनी केलेली लपवाछपवी अधिकारी विचारात घेऊ शकतो, असे सांगून फेडरल अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. चूक पालकांची व शिक्षा मुलांना, हा या नियमावरचा मुख्य आक्षेप या प्रकरणात ठळकपणे दिसतो.

मानवतावादी अर्ज

वगळलेल्या अपत्यासाठी कलम २५(१) खाली मानवतावादी व करुणेच्या आधारावर सूट मागता येते. हा हक्क नसून अधिकाऱ्याच्या विवेकाधीन सवलत आहे. स्थलांतर अपील विभागाकडे जाऊन ती मागता येत नाही. कारण कलम ६५ नुसार संबंधित व्यक्ती कौटुंबिक वर्गातील आहे असे आधी ठरल्याशिवाय तो विभाग मानवतावादी कारणांचा विचार करू शकत नाही, आणि येथे वाद नेमका त्याच मुद्द्याचा असतो.

फेडरल न्यायालयाने २००९ च्या सुलताना खटल्यात अधिकाऱ्यांना समज दिली की, अपत्य वगळलेले आहे एवढेच पुन्हा सांगून अर्ज नाकारला तर कलम २५ ला अर्थ उरत नाही. माहिती का दडवली गेली आणि आज कुटुंबाची स्थिती काय आहे, हे प्रत्यक्ष तपासले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कंठसामी खटल्यात कलम २५ चा अर्थ अधिक उदार केला व अपत्याच्या हिताला मोठे वजन दिले. तेव्हापासून असे अर्ज मान्य होण्याची शक्यता वाढली, तरी प्रतीक्षा दीर्घ असते आणि अज्ञान मूल तोवर मोठे होत जाते.

२०१९ चे सार्वजनिक धोरण

३१ मे २०१९ रोजी तत्कालीन स्थलांतर मंत्री अहमद हुसेन यांनी एक प्रायोगिक धोरण जाहीर केले; ते ९ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाले. त्यानुसार ठराविक प्रायोजकांना पूर्वी घोषित न केलेल्या जोडीदाराला व अपत्यांना विनियम ११७(९)(डी) च्या अडथळ्याविना बोलावता येते. प्रायोजक स्वतः पुनर्वसित निर्वासित, कॅनडात संरक्षण मिळालेली व्यक्ती किंवा जोडीदार अथवा अवलंबित अपत्य म्हणून प्रायोजित होऊन आलेला असावा लागतो. शिवाय तो कुटुंबीय तेव्हा घोषित केला असता तरी प्रायोजकाची पात्रता गेली नसती, हेही सिद्ध व्हावे लागते. मूळ मुदत दोन वर्षांची होती. ती २०२१ मध्ये दोन वर्षांनी व २०२३ मध्ये आणखी तीन वर्षांनी वाढवण्यात आली.

आर्थिक वर्गातून आलेल्या स्थलांतरितांचा या धोरणात समावेश नाही. महाराष्ट्रातून कॅनडात जाणारे अनेक जण कुशल कामगार किंवा शिक्षणानंतर नोकरी मिळवून याच वर्गातून स्थायी निवासी होतात. त्यांच्याकडून अपत्याची तपासणी राहून गेली असल्यास कलम २५ हाच मुख्य मार्ग उरतो.

टीका

कॅनेडियन कौन्सिल फॉर रेफ्युजीज या संघटनेने हा नियम रद्द करण्याची मागणी अनेक वर्षे लावून धरली आहे. युद्धात हरवलेले व मृत समजले गेलेले अपत्य, अत्याचारातून जन्मलेले आणि म्हणून लपवलेले अपत्य, दलालाने परस्पर भरलेला अर्ज, भाषा न समजल्याने सुटलेला रकाना, अशी कारणे असलेल्या निर्वासितांवर हा नियम सर्वाधिक अन्याय करतो, असे संघटनेचे म्हणणे आहे. निर्वासितांना व त्यांच्या अपत्यांना अत्यधिक भाराचा निकष मुळातच लागू नसल्याने त्यांनी अपत्य लपवून मिळवण्यासारखा वैद्यकीय फायदाही नसतो. समर्थकांच्या मते नियम सैल केल्यास प्रामाणिकपणे सर्व माहिती देणाऱ्या अर्जदारांवर अन्याय होईल.

अन्य देशांतील पद्धती

ऑस्ट्रेलियातही अनेक स्थायी व्हिसांसाठी स्थलांतर न करणाऱ्या कुटुंबीयांना आरोग्यनिकष लागू होतो व त्यांपैकी एक अपात्र ठरल्यास सर्वांचा अर्ज नाकारला जाऊ शकतो. मात्र एखाद्याला तपासणीस भाग पाडणे अवाजवी आहे असे अधिकाऱ्याला वाटल्यास त्याला त्यातून वगळता येते. ताबा माजी जोडीदाराकडे असलेली मुले या सवलतीचे नेहमीचे उदाहरण होत. अमेरिकेत मुख्य अर्जदाराला सर्व अपत्यांची नावे द्यावी लागतात, पण मागाहून येणाऱ्या अपत्याची वैद्यकीय तपासणी त्याच्या स्वतःच्या व्हिसा अर्जाच्या वेळीच होते.